चढ राहू द्या, उताराचं बोला

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही कोल्हापूरला राहतो. मुलगी सव्वाचार वर्षांची आहे, वजन १६ किलो. मी रोज सकाळी रंकाळ्याच्या बाजूला सायकल चालवते. नवरा लांब पल्ल्याचा सायकलवाला, २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या सायकलफेऱ्या) केलेला. जानेवारीत तिघांनी तंबू घेऊन गगनबावड्यावरून कोकणात उतरायचं आणि विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर करत मालवण गाठायचं मनात आहे. नवरा म्हणतो, रोज साठ किलोमीटर सहज होतील, तीन दिवसांत मालवण. मला मात्र मुलीला घेऊन चढ जमतील की नाही याची धास्ती वाटते. तिच्यासाठी मागची सीट घ्यावी की सायकलमागे ओढायचा ट्रेलर? तंबू टाकायचा कुठे? आणि सासूबाई म्हणतात, "पोरीला सायकलवर बांधून घाट उतरणार? डोकं ठिकाणावर आहे काय?" त्यांना काय सांगू?

— एक आई, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार. जा, नक्की जा. मूल चार-पाच वर्षांचं असताना अशी सफर करण्यात वेगळीच मजा असते. मान, पाठ बळकट झालेली असते, काय हवं-नको ते बोलून सांगता येतं आणि आईबाबांसोबत तंबूत झोपायचं म्हटलं की अंगात येतं. आणखी दोन वर्षांनी ती मागच्या सीटमध्ये मावणार नाही आणि स्वतः घाटरस्त्यावर चालवण्याइतकी मोठीही झालेली नसेल. म्हणून यंदाचा जानेवारी सोडू नका. पण बेत मात्र बदला, बराच बदला.

चढाची धास्ती तुम्हाला आहे आणि उताराची फक्त सासूबाईंना. मी सासूबाईंच्या बाजूची आहे.

चढावर फार तर काय होईल? दम लागेल, गिअर संपतील, तुम्ही उतराल आणि सायकल ढकलाल. ताशी पाच किलोमीटरच्या वेगात मुलीला इजा होण्याची शक्यता अगदी कमी. उताराचं गणित निराळं आहे. कोल्हापूर मुळातच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथून गगनबावड्यापर्यंतचे ५५ किलोमीटर रस्ता हळूहळू वर जातो, तुम्हाला तो चढ फारसा जाणवणारही नाही. मग बावडा संपतो आणि करूळ किंवा भुईबावडा घाटाने सगळी उंची काही किलोमीटरांत एकदम खाली जाते. तुम्ही, सायकल, सीट, मुलगी आणि थोडं सामान मिळून ११० किलो धरा. एवढं वजन पाचशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर जवळजवळ दोन लिटर पाणी उकळेल. एकटा सायकलस्वार वेगात उतरतो तेव्हा त्यातली बरीचशी ऊर्जा वारा खातो. मागे मूल असताना तुम्ही हळू उतरणार, उतरायलाच हवं, आणि मग जवळपास सगळी उष्णता ब्रेकमध्ये जमा होते. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला घासणारे, असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती दाबणारे, असतील तर लिव्हर दाबूनही ब्रेक लागेनासा होतो. हे वळणावर, समोरून ट्रक येताना घडलं तर काय, ते मी लिहायला नको.

म्हणून घाट तेवढा गाडीने उतरा. छोटा हत्ती ठरवा, सायकली मागे आडव्या बांधा आणि तुम्ही दोघी पुढे बसा. नवऱ्याला घाट सायकलवरच उतरायचा असेल तर त्याने एकट्याने उतरावा आणि खाली वैभववाडीत भेटावं. निघण्याआधी घाट चालू आहे का, हेही विचारून घ्या. रुंदीकरण, दरडी यांमुळे हे घाट अधूनमधून बंद असतात.

टेम्पो बावड्यापासून न घेता थेट कोल्हापुरातूनच घ्या असं मी सुचवेन. स्वतःच्या दारातून सायकलवर निघण्यात जी गोडी आहे ती मला कळते, पण जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. कळे-असळज रस्त्यावर उसाने भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले असतात. त्यांना मागचं काही दिसत नाही, ट्रॉलीला मागे दिवा असेलच याची खात्री नाही आणि तुम्हाला ओलांडताना त्यांची दुसरी ट्रॉली आत येते. अशा रस्त्यावर ५५ किलोमीटर तुमचे डोळे सतत आरशात राहतील आणि मुलीकडे लक्षच जाणार नाही. सफर वैभववाडीत सुरू होऊ दे.

आता तुमचा खरा प्रश्न, चढांचा. कोकणचा किनारा नकाशात सपाट दिसतो, पण तसा तो नाही. खाडी ओलांडायची म्हणजे खाली उतरायचं, पूल पार करायचा, पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उंच खडकाळ माळावर चढायचं, थोडं सपाट जायचं आणि पुढच्या खाडीला परत खाली. प्रत्येक चढ लहान, पण उभा. हे चढ तुम्ही गिअर आणि पाय यांच्या जोरावर काढाल. पुढची सगळ्यात लहान चकती २४ दात्यांची किंवा त्याहून कमी आणि मागची सगळ्यात मोठी ३४ किंवा जास्त असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटरच्या आसपास जाते. भरल्या सायकलला असाच गिअर लागतो. तरी नाही जमलं तर मुलीला खाली उतरवा. चार वर्षांचं मूल अर्धा किलोमीटर चढ आनंदाने चालतं, वाटेत दगड गोळा करतं, करवंदीच्या जाळीत डोकावतं. तेवढाच तिच्याही पायांना व्यायाम. सड्यावरून खाडीकडे जाणारे उतार आखूड असतात, ते चालवत उतरता येतील. दोन्ही ब्रेक मिळून दाबायचे, वेग कमी करायचा, सोडायचे, पुन्हा दाबायचे. सतत धरून ठेवायचे नाहीत. मध्ये थांबायचं आणि रिम किंवा डिस्क निवली की मगच पुढे. तापलेल्या डिस्कला बोट लावून बघू नका, आणि सायकल उभी असताना मुलीलाही लावू देऊ नका.

ट्रेलर नको. युरोपात डॅन्यूबच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना कुटुंबंच्या कुटुंबं ट्रेलर ओढत जातात, कारण तिथे बहुतेक वाट मोटारींपासून वेगळी आहे. आपल्याकडे ट्रेलर रस्त्याची रुंदी खातो आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या नजरेखाली, अगदी जमिनीलगत राहतो. वळणावर त्याचं एकच चाक स्पीडब्रेकरवर चढलं तर तो कलंडतो. मागची सीट घ्या. २२ किलोपर्यंतची मान्यता असलेली घ्या, म्हणजे तुमच्या लेकीला पुरेसा वाव राहील. पाच ठिकाणी बांधणारे पट्टे, पावलांना पट्टा आणि चाकाकडच्या बाजूला भरीव आडोसा हवाच. चाकात पाय जाणं हा मुलांच्या सायकल अपघातांतला फार वाईट प्रकार आहे. तुमच्या सायकलच्या बैठकीखाली उघड्या स्प्रिंग असतील तर त्या झाकून घ्या, मागे बसलेल्या मुलाची बोटं नेमकी तिथेच जातात. सीट कॅरिअरवर बसणारी असेल तर कॅरिअरवर किती वजनाची परवानगी छापली आहे ते पाहा. बहुतेकांवर २५ किलो असते. मुलगी १६, सीट चार, म्हणजे झालेच वीस. त्याच कॅरिअरला पिशव्या लटकवायच्या नाहीत. सामान नवऱ्याच्या सायकलवर आणि थोडं तुमच्या पुढच्या चाकावर. नवऱ्याची बीआरएमची सायकल कार्बनची असेल तर ती घरी ठेवा. त्यावर ना सीट लावता येते, ना इतकं ओझं.

एक नियम मात्र कडक पाळा. मुलगी सीटमध्ये असताना सायकल स्टँडवर उभी करून कोणीही हात सोडायचा नाही, पाण्याची बाटली काढण्याएवढ्या वेळासाठीही नाही. एकाने सायकल धरायची, दुसऱ्याने बसवायचं. सगळं सामान बांधून झालं की शेवटी तिला बसवायचं, आणि थांबल्यावर सगळ्यात आधी तिला उतरवायचं. हेल्मेट पाठीमागे सपाट असलेलं घ्या. मागे फुगीर असेल तर सीटच्या पाठीला टेकून मान पुढे ढकलली जाते आणि मूल दहा मिनिटांत चिडतं.

डिसेंबरात पन्हाळ्याला एक चाचणी करा. सीट बसवा, तीत मुलीऐवजी १६ किलो तांदूळ पिशवीत भरून पट्ट्यांनी घट्ट बांधा आणि ही सायकल नवऱ्याला पन्हाळ्यावरून खाली आणायला सांगा. साठ किलोमीटर रोज म्हणणाऱ्या माणसाला त्या एका उतारात खूप काही समजेल. खाली आल्यावर ब्रेक पॅड काढून बघा. त्यानंतर एक रात्र तिघांनी तंबूत काढा, अंगणात किंवा ओळखीच्या कुणाच्या मळ्यात. मळा मात्र उसाच्या फडाला लागून नको. उसात बिबट्या लपतो, आणि लहान मूल सोबत असताना तो धोका कधीच पत्करू नये.

रोजचं अंतर किती? बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि नवरा ते वेळेत पूर्ण करतो, त्याबद्दल त्याचं कौतुकच आहे. या सफरीत मात्र वेळ मुलीच्या हातात आहे. पहिल्या दिवशी पंधरा किलोमीटर, पुढे वीस-पंचवीस, त्याहून जास्त नाही. वैभववाडी, तळेरे, पडेल, विजयदुर्ग, मग देवगड, तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वर, मग मिठबाव, आचरा आणि मालवण. आठवडा हाताशी ठेवा, एखादा दिवस जास्तच असू द्या. तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग पार करायचा आहे. तिथे सायकलवर बसून राहू नका, उतरा आणि सायकल ढकलत ओलांडा.

दिवस असा लावा. पूर्ण उजाडल्यावर निघा, सव्वासात-साडेसातला. चाळीस-पन्नास मिनिटांनी थांबाच, मूल मजेत असलं तरी. किरकिर सुरू झाल्यावर थांबलं की तोवर उशीर झालेला असतो. साडेअकराच्या आत दिवसाचं बहुतेक अंतर कापून झालेलं असावं. दुपारी जेवण, सावली, झोप. उरलेलं थोडं चारपर्यंत, त्यानंतर चाक फिरवायचं नाही. मुलीला सीटमध्ये झोप लागली तर पुढच्या सावलीला थांबा आणि तिला आडवं करा. मान कलती टाकून, हेल्मेटच्या वजनासकट धक्के खात झोपणं तिच्यासाठी चांगलं नाही.

पालकांच्या लक्षात सहसा न येणारी एक गोष्ट सांगते. तुम्ही पेडल मारत असता, तुम्हाला घाम येतो. ती मागे नुसती बसलेली असते. सकाळच्या गारठ्यात तुम्ही जाकीट काढाल तेव्हा तिची बोटं बर्फ झालेली असतील. दहा वाजता तुम्हाला वाऱ्यामुळे ऊन जाणवणार नाही, पण तिच्या मांड्या आणि गुडघे मात्र भाजत असतील. म्हणून तिच्या कपड्यांचा अंदाज स्वतःच्या अंगावरून घेऊ नका, दर थांब्याला तिचा गळा आणि पावलं हाताने चाचपून पाहा. पातळ, लांब बाह्यांचा सुती सदरा आणि पायघोळ विजार दिवसभर असू द्या. पाणी मागितल्यावरच नको, दर थांब्याला दोन घोट. जुलाब किंवा उलटी झाली आणि ओआरएसची पाकिटं संपली असतील, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा. प्रमाण मोजून घ्या, अंदाजाने नको.

तिला सगळा वेळ तुमची पाठच दिसणार आहे, म्हणून तिला काही काम द्या. मागून गाडी आली की "बाबा, गाडी!" ओरडायचं, पूल आला की खाडीत होड्या किती ते मोजायचं, सीटला बांधलेली घंटा गावातून जाताना वाजवायची. काम असलं की मुलं टिकतात. देवगडच्या पवनचक्क्या तिला लांबून दिसू द्या आणि "तिथे पोचायचंय" एवढंच सांगा.

तंबूचं. आपल्याकडे जागोजाग कॅम्पिंगची मैदानं नाहीत आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका, विचारलं की जागा मिळते. तीन-साडेतीनला गावात पोचा, अंधार पडल्यावर नको. लहान मुलीला घेऊन सायकलवर आलेल्या बाईला कोकणात कुणी दारातून परत पाठवल्याचं मी पाहिलेलं नाही. एखाद्या घरी विचारा (खळं म्हणजे तिथलं अंगण), "खळ्यात एक रात्र तंबू टाकला तर चालेल काय?" बहुधा उत्तर येईल, "तंबू कशाक? पडवेत झोपा." पडवीत झोपा, आनंदाने झोपा, पण तंबूचा आतला जाळीचा भाग तिथेही उभा करा आणि चेन बंद ठेवा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. फुरसं जांभ्याच्या गडग्यांत, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणांत, दगडांच्या फटीत असतं, म्हणून मुलीने गडग्यावर चढायचं नाही की फटीत हात घालायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी झटकूनच घाला. रात्री लघवीला उठलात तर आधी बॅटरी, मग पाय.

चावलंच काही, तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अवयव हलू न देता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा, आणि गावातली दुचाकी-चारचाकी आधी मिळत असेल तर तिनेच निघा. विंचवाचंही तसंच. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर येतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाने ते मृत्यू रोखता येतात हे दाखवून दिलं, तेव्हा उपाय आहे, पण तो डॉक्टरकडे आहे, मंत्र-पाल्यात नाही. रोज सकाळी निघण्याआधी आजच्या वाटेवरचा सगळ्यात जवळचा दवाखाना कुठे ते विचारून कागदावर लिहून ठेवा. फोनला रेंज नसते.

तंबू टाकताना आणखी काही पाहायचं आहे. नारळाखाली कधीच नाही, नारळ पडतो आणि झावळही पडते. आंब्याच्या कलमांच्या बागेतही नको. जानेवारीत देवगडकडे मोहोर आलेला असतो आणि त्यावर औषधाची फवारणी चालू असते, बाग कितीही सुरेख दिसली तरी ती मुलाला झोपवायची जागा नव्हे. पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, टाकायचा मोह होईल. टाकायचाच तर भरतीच्या खुणेच्या खूप वर, आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा नकोच. सड्यावर जांभ्यात खुंट्या शिरत नाहीत, म्हणून स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा तंबू घ्या. वरचं कापड रोज लावा, आकाश निरभ्र असलं तरी, पहाटे दव इतकं पडतं की सगळं भिजतं. शेकोटी पेटवू नका. सड्यावरचं गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. स्टोव्हचंही ओझं नको. सकाळी ज्यांच्या खळ्यात राहिलात त्यांच्याकडची उकड्या तांदळाची गरम पेज मुलीच्या पोटाला बिस्किटांपेक्षा शंभर पटींनी चांगली. जाताना पैसे घ्यायला ते नाही म्हणतील. घरातल्या मुलांसाठी कोल्हापूरहून काहीतरी नेऊन ठेवा.

अनोळखी संडासात जायला या वयाची मुलं घाबरतात आणि दोन-दोन दिवस रोखून धरतात. मग ताप नाही, सर्दी नाही, तरी मूल रडवेलं. तिची घरची छोटी भांड्याची सीट पिशवीत टाका. वजन वाढलं तरी चालेल.

सायकलची दुकानं वाटेत थोडी आहेत, आणि त्यांच्याकडे तुमच्या गिअरचे भाग नसतील. ट्यूब, पॅच, साखळीची कडी, गिअर हँगर (मागचा गिअर ज्याला अडकवतात तो तुकडा) आणि ब्रेक पॅडच्या दोन जोड्या सोबत हव्यातच.

परतीसाठी मालवणहून टेम्पो किंवा एसटी. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षं ऐकतो आहोत, पण तिच्या भरवशावर बेत आखता येत नाही. एसटीला सायकली नेतील का ते आधी आगारात विचारा, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना वर कॅरिअर नसतो. आणि मधेच परत फिरावं लागलं तर फिरा. मुलीला ताप आला, दोनदा उलटी झाली, किंवा सलग दुसऱ्या दिवशी सीटमध्ये बसायला ती रडली, तर त्याच दिवशी टेम्पो. याबाबतीत नवऱ्याशी घरीच बोलून ठेवा. रस्त्यात वाद घालायची वेळ येऊ देऊ नका.

राहिल्या सासूबाई. त्यांना पटवत बसू नका. त्यांना जाऊन सांगा, "आई, घाटाचं तुमचं बरोबर आहे, घाट आम्ही टेम्पोने उतरणार." मग चारनंतर चालवणार नाही, रोज मुक्कामाला पोचलो की फोन करणार, हे सांगा आणि पाळा. फोन उशिरा गेला तर त्या रात्री त्या झोपणार नाहीत. आणि त्यांना कुणकेश्वरला बोलवा. एसटीने देवगडला येऊ दे, तिथून रिक्षा. देवदर्शन होईल, भक्तनिवासात तुमच्याबरोबर एक रात्र राहतील, नात समोर खेळताना दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सीटमध्ये त्यांनाच बसवू द्या, पट्टे त्यांनाच लावू द्या.

पन्हाळ्याची चाचणी झाली की पॅड किती झिजले ते कळवा. सीट कॅरिअरला कशी बसवली आहे त्याचा मागून आणि बाजूने असे दोन फोटोही पाठवा. बोल्ट कुठे आणि पट्टे कसे आहेत ते पाहून जानेवारीच्या आत उत्तर देते.